समोरच्या गच्चीवरचा मोबाइल टॉवर: किती लांब आहे यापेक्षा अँटेना कुठे बघतोय ते पाहा

तुमचा प्रश्न आधी एकदा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. कोल्हापुरात राजारामपुरीत चौथ्या मजल्यावर तुमचा फ्लॅट आहे. रस्त्यापलीकडच्या तीन मजली इमारतीच्या गच्चीवर पोल उभे करून अँटेना लावलेत, तुमच्या बाल्कनीपासून अंदाजे 22 मीटरवर. घरात लहान मूल आहे, पत्नी गरोदर आहेत. गल्लीत ‘टॉवर हटवा’ म्हणून सह्या गोळा होतायत. वस्तीपासून 100 मीटरच्या आत टॉवर बेकायदा असतो, असं कुणीतरी सांगितलंय. महापालिकेत अर्ज दिलाय, त्याला उत्तर नाही. धोका खरंच आहे का आणि टॉवर हलवता येईल का, हे तुम्हाला हवंय.

शंभर मीटरचा असा सरसकट कायदा देशात नाही, त्यामुळे ती गोष्ट आधी बाजूला ठेवू. पण म्हणून तुमची काळजी झटकून टाकण्यासारखीही नाही. शहरातल्या बहुतेक तक्रारींमध्ये मोजणी केली की आकडा मर्यादेच्या कितीतरी खाली निघतो. तुमची मांडणी मात्र अशी आहे की मोजल्याशिवाय कुणीच ‘काही होत नाही’ असं म्हणू नये. कारण तुमचं डोकं आणि समोरचा अँटेना एकाच उंचीवर असण्याची शक्यता आहे.

लोक टॉवरच्या बुडापासून अंतर मोजतात. मोजणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ते सगळ्यात कमी उपयोगाचं माप. सेक्टर अँटेना म्हणजे ती उभी, चपटी, करड्या-पांढऱ्या रंगाची पेटी. ती चारही दिशांना सारखं उत्सर्जन करत नाही. तिचा झोत आडव्या दिशेत साधारण 65 अंश पसरतो, पण उभ्या दिशेत जेमतेम 7 अंशांचा असतो. शिवाय तो क्षितिजाखाली 2 ते 8 अंश झुकवलेला असतो. उसाच्या रानात रेनगन चालू असताना तिच्या स्टँडच्या पायाशी जमीन कोरडी राहते आणि पाणी लांब पडतं, तसंच हे. 30 मीटर उंच टॉवरवर 4 अंश झुकाव असेल, तर झोताचा मध्य जमिनीला टेकतो तो सुमारे 400 मीटरवर. तिथे पोचेपर्यंत तो इतका पसरलेला असतो की 2000 वॅट प्रभावी शक्तीच्या एका कॅरिअरची (म्हणजे एका फ्रिक्वेन्सीवर चालणाऱ्या एका सिग्नलची) घनता एक चौरस मीटरला वॅटचा हजारावा भाग एवढीच उरते. म्हणून जमिनीवरच्या उंच टॉवरच्या अगदी शेजारच्या बैठ्या घरात आकडा कमी येतो, आणि ‘टॉवर आमच्या दारात आहे’ म्हणणाऱ्याला ते पटत नाही.

गच्चीवरच्या पोलचं गणित वेगळं. तिथे उंची कमी असते आणि समोरची इमारत झोताच्या वाटेत येऊ शकते. तुमच्याच बाबतीत करून बघू. एका 4जी कॅरिअरची शक्ती 40 वॅट धरा. अँटेनाची वाढ (गेन), म्हणजे शक्ती एका दिशेला एकवटण्याचं माप, 17 डीबीआय म्हणजे सुमारे 50 पट. म्हणजे झोताच्या दिशेने प्रभावी शक्ती 2000 वॅट. असे चार कॅरिअर एकाच दिशेला असतील तर 8000 वॅट. आता 22 मीटरचा वर्ग 484, त्याला 4π म्हणजे 12.57 ने गुणलं की 6082. 8000 भागिले 6082 म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे 1.3 वॅट. हा आकडा झोताच्या बरोबर मध्यावर, सगळे कॅरिअर पूर्ण क्षमतेने चालू असताना आणि मधे काहीही आडवं नसताना.

भारतातली मर्यादा याच्याशी ताडून पाहा. 1 सप्टेंबर 2012 पासून आपल्याकडे आयसीएनआयआरपी या, अशा लहरींपासून संरक्षणासाठीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या मर्यादेच्या एक दशांश मर्यादा लागू करण्यात आली. 900 मेगाहर्ट्झला 0.45, 1800 ला 0.9 आणि 2000 च्या वर 1 वॅट प्रति चौरस मीटर. म्हणजे वरच्या हिशोबातला 1.3 हा मर्यादेबाहेर जातो. आता तोच पोल 3 मीटरऐवजी 9 मीटरचा असेल तर? अँटेनाचा मध्य तुमच्या डोक्यापेक्षा 6 मीटर वर जातो, 22 मीटरवर हा कोन 15 अंशांचा होतो आणि तुम्ही मुख्य झोताच्या बाहेर पडता. तिथे शक्ती किमान 15 डेसिबलने, म्हणजे सुमारे 32 पट घटलेली असते. 1.3 चे 0.04 होतात. अंतर तेच, इमारत तीच, फक्त पोल 6 मीटर उंच. याचसाठी अंतराआधी उंची आणि दिशा बघा, असं आम्ही सांगतो.

दूरसंचार विभागाने राज्यांना दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही हाच विचार आहे. त्यात अँटेनाच्या समोर, त्याच उंचीवर असलेल्या इमारतीसाठी सुरक्षित अंतर दिलंय: एका अँटेनासाठी 20 मीटर, दोनसाठी 35, चारसाठी 45, सहासाठी 55, असं वाढत बारा अँटेनांसाठी 75 मीटर. फक्त एकाच उंचीवरचे आणि एकाच दिशेला बघणारे अँटेना मोजायचे. तिन्ही बाजूंचे मिळून सहा दिसतात म्हणून 55 मीटर, असा हिशोब चुकीचा. तुमच्या दिशेला एकच असेल तर तुमचे 22 मीटर या तक्त्यात बसतात. दोन असतील तर बसत नाहीत.

तेव्हा पहिलं काम तुमचं तुम्हीच करा. बाल्कनीत उभं राहून समोरच्या गच्चीचा फोटो काढा, झूम करून. पेटीची रुंद बाजू दिसतेय का, अरुंद कड दिसतेय का, की मागचे क्लॅम्प आणि केबल दिसतायत? मागची बाजू दिसत असेल तर समोरच्या तुलनेत तिथे शक्ती 25 ते 30 डेसिबलने, म्हणजे किमान 300 पट कमी असते, आणि तुमचा प्रश्न बराचसा तिथेच मिटतो. रुंद चेहरा सरळ तुमच्याकडे असेल तर त्या दिशेला अशा किती पेट्या आहेत ते मोजा. मग उंची. गच्चीचा कठडा सहसा मीटरभर असतो, त्याच्या पटीत पोलचा अंदाज घ्या. अंतर नजरेने ठरवू नका, मोबाइलवरच्या नकाशात दोन बिंदूंमधलं अंतर मोजायची सोय असते, ती वापरा. ड्रमसारखी गोल पांढरी डिश दिसली तर तिची चिंता करू नका. ती मायक्रोवेव्ह लिंक. एका टॉवरवरून दुसऱ्यावर सरळ रेषेत निरोप नेते, तिची शक्ती एका वॅटच्याही आत असते आणि झोत इतका बारीक असतो की तुमच्या खिडकीत आला तर कंपनीची लिंकच तुटेल.

5जीची पेटी ओळखायला सोपी: इतरांपेक्षा बुटकी, जाड, मागे उष्णता जायला पंखे किंवा पत्र्यासारखे पाते. ती 3.5 गिगाहर्ट्झच्या आसपास चालते. शक्ती 200 वॅट आणि वाढ 24 डीबीआय धरली तर प्रभावी शक्ती 50,000 वॅटच्या घरात जाते आणि आकडा ऐकून माणूस हादरतो. पण हा झोत एका जागी थांबत नाही. ज्याला डेटा हवा त्याच्याकडे वळतो, आणि सुमारे एक चतुर्थांश वेळ तर पेटी नुसती ऐकत असते. सगळा झोत अखंड एकाच माणसावर राहिला असं धरलं तर 1 वॅटची मर्यादा सुमारे 55 मीटरवर येते. वापरकर्त्यांत वाटून गेलेल्या शक्तीची सरासरी घेतली, म्हणजे साधारण चौथा हिस्सा धरला, तर तेच अंतर 27 मीटर होतं. म्हणजे 5जीची पेटी तुमच्याच उंचीवर, तुमच्याकडेच तोंड करून असेल तर 22 मीटर हे अंतर मला पुरेसं वाटत नाही. तिथे झोत वर-खाली फिरवणं किंवा पोलची जागा बदलणं हेच योग्य, आणि ते मागण्यात तुम्ही काही वावगं करत नाही.

आता आरोग्याचं. ही मर्यादा कशावर बेतलीय हे कळलं की आकड्यांना अर्थ येतो. या लहरींचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे ऊतींचं तापणं. शरीराच्या दर किलोला 4 वॅट शोषले गेले की प्राण्यांच्या वागण्यात फरक दिसू लागतो, म्हणून सर्वसामान्य लोकांसाठी त्याच्या पन्नासाव्या भागावर, 0.08 वर रेघ ओढली. या ‘सर्वसामान्य’मध्ये लहान मुलं, गरोदर बायका, आजारी माणसं धरलेली आहेत. भारताने 2012 साली त्याचाही दहावा भाग घेतला. दीर्घकालीन परिणामांबाबत 2011 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओ लहरींना ‘2 ब’ म्हणजे ‘कदाचित कर्ककारक’ या गटात ठेवलं. त्यामागचा मुख्य आधार टॉवर नव्हता, कानाला लावून वापरलेला फोन होता. 2024 साली याच संघटनेने करवून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात मोबाइल वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. संशोधन थांबलेलं नाही आणि थांबूही नये. पण आजच्या माहितीवर, मर्यादेच्या शंभराव्या भागात राहणाऱ्या घराने टॉवरपायी झोप घालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मर्यादेच्या जवळ किंवा वर असलेल्या घराने मात्र गप्प बसू नये.

घरातल्या फोनबद्दल दोन शब्द, कारण सगळ्यात जास्त उत्सर्जन शरीराला तिथूनच लागतं. 4जी फोन जास्तीत जास्त 0.2 वॅट सोडतो. टॉवरपुढे ते किरकोळ, पण फोन डोक्यापासून दोन सेंटीमीटरवर असतो. सिग्नल चांगला असेल तर तो आपली शक्ती शेकडो पटीने कमी करतो, दांडी एकच असेल तर पूर्ण जोर लावतो. गल्लीतला टॉवर गेला आणि जवळचा दुसरा 800 मीटरवर असेल, तर सगळ्यांचे फोन जोर लावून बोलू लागतात. टॉवर हटवायच्या मागणीवर सह्या करणाऱ्यांना ही बाजू कुणी सांगत नाही. तो ‘रेडिएशन चिप’वाला तुमच्याकडे येऊन गेला म्हणता. फोनच्या मागे चिकटवायचा तो तुकडा एकतर काहीच करत नाही, नाहीतर अँटेना झाकून फोनला जास्त जोर लावायला भाग पाडतो. पैसे घालवू नका. खिडकीला बारीक ॲल्युमिनियमची डासजाळी लावली तर बाहेरून येणाऱ्या लहरी बऱ्यापैकी अडतात, पण त्याच जाळीमुळे आतला फोन धडपडतो. बाळाच्या खोलीत फोन वापरायचा नसेल तरच ती कामाची. भिंतींचं म्हणाल तर विटांची भिंत थोडंफार अडवते, काँक्रीटचा स्लॅब बरंच जास्त, साधी काच जवळपास काहीच नाही.

मोजणी कशी करून घ्यायची ते आता. दूरसंचार विभागाचं ‘तरंग संचार’ नावाचं पोर्टल 2017 पासून चालू आहे. त्यावर नाव, ईमेल, मोबाइल नंबर देऊन ओटीपीने आत गेलात की नकाशावर तुमच्या आसपासचे टॉवर दिसतात. समोरचा टॉवर निवडला की तो कुठल्या कंपन्यांचा, कुठली तंत्रज्ञानं चालू आणि मर्यादेत आहे की नाही, ही माहिती मागवता येते. ही पायरी फुकट आहे, आधी ती करा. त्यावर समाधान झालं नाही तर त्याच पोर्टलवर 4000 रुपये भरून तुमच्या घरी प्रत्यक्ष मोजणी मागवता येते. गल्लीतल्या दहा घरांनी वाटून घेतले तर घरटी 400. बॅनर छापण्यापेक्षा हे पैसे सत्कारणी लागतील.

मोजणीला माणसं आली की काही गोष्टींवर लक्ष ठेवा. घरातले सगळे फोन फ्लाइट मोडवर, वायफाय राउटर बंद, शेजारच्या खोलीतलाही. खिशातला एक फोन सगळं बिघडवतो, आणि हे मोजणाऱ्यांच्या स्वतःच्या खिशालाही लागू आहे. मोजायच्या जागा तुम्ही सांगा: बाल्कनी, बाळाची खोली, पलंगाची जागा आणि तुमची गच्ची. प्रोब, म्हणजे यंत्राचा लहरी टिपणारा भाग, तिपाईवर, छातीच्या उंचीला हवा, हातात धरून फिरवलेला नको, कारण माणसाचं शरीर लहरी अडवतं आणि परतवतं. प्रत्येक ठिकाणी 6 मिनिटांची सरासरी घ्यायची असते. इकडून तिकडे फिरून ‘सगळीकडे कमीच आहे’ म्हटलं तर ती मोजणी नव्हे. आणि अहवालात प्रत्येक फ्रिक्वेन्सीचा वेगळा आकडा मागा. मर्यादा प्रत्येकाची वेगळी असल्याने नुसती बेरीज चालत नाही, प्रत्येकाचा त्याच्या मर्यादेशी भागाकार करून ते अपूर्णांक मिळवायचे असतात. समजा 900 वर 0.02 आला, 1800 वर 0.05 आणि 2300 वर 0.06. पहिला 0.45 ने भागला की 0.044, दुसरा 0.9 ने 0.056, तिसरा 1 ने 0.06. बेरीज 0.16, म्हणजे एकूण मर्यादेच्या 16 टक्के. ही बेरीज 1 च्या वर गेली तर टॉवर नियमाबाहेर, मग एकेका कंपनीचा आकडा स्वतंत्रपणे मर्यादेत का असेना. एकाच गच्चीवर तीन कंपन्या असतात तिथे नेमकी हीच पळवाट निघते, म्हणून हे सविस्तर सांगतोय.

‘दुपारी मोजलं, तेव्हा वापर कमी होता’ असा आक्षेप हमखास येतो. रास्त आहे. त्यावर उपाय असा की टॉवर सतत एकाच जोराने जो ओळख-सिग्नल सोडतो, तो वेगळा मोजून त्यावरून पूर्ण भाराचा आकडा काढतात. अहवालात हा पूर्ण भाराचा आकडा आहे का ते विचारा. आणि अहवालात आकडा व्होल्ट प्रति मीटरमध्ये असेल तर गोंधळू नका: त्याचा वर्ग करून 377 ने भागा, वॅट प्रति चौरस मीटर मिळतात. वर दिलेल्या मर्यादा या भाषेत 900 ला 13, 1800 ला सुमारे 18.4 आणि 2000 च्या वर 19.4 होतात. तुमच्या अहवालावर जी मर्यादा छापलेली असेल ती त्या तारखेला लागू असलेली, ताडायची ती तिच्याशी. ऑनलाइन मिळणारं दोन-चार हजारांचं मीटर कुतूहलापुरतं ठीक. ते क्षणिक शिखर दाखवतं, सरासरी नाही, फ्रिक्वेन्सी वेगळ्या करत नाही, आणि लाल दिवा कुठल्या आकड्याला लावायचा हे विकणाऱ्याने ठरवलेलं असतं. तक्रारीला ते जोडू नका, तिथेच तुमची बाजू लंगडी होते.

आकडा मर्यादेबाहेर आला तर कंपनीला दर बेस स्टेशनमागे (टॉवरवरच्या तिच्या सिग्नल यंत्रणेमागे) 10 लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद करण्यात आलेली आहे. म्हणून कंपन्या आकडा जवळ आला तरी हालचाल करतात. उपाय बहुतेक वेळा टॉवर पाडण्याचा नसतो. झुकाव बदलणं दूरवरून संगणकावरून होतं. अँटेनाची दिशा 20-30 अंशांनी फिरवून झोत दोन इमारतींच्या मधल्या रस्त्यावर सोडता येतो. त्या दिशेची शक्ती कमी करता येते. पोल उंच करता येतो, पण मग वाऱ्याचा जोर नव्याने तपासावा लागतो. एक गोष्ट लक्षात ठेवा: पोल गच्चीच्या मध्यावर नेला तर तुम्हाला बरं, पण त्या इमारतीतली माणसं गच्चीवर झोतासमोर येतात. कडेला आणला तर त्यांची सुटका आणि तुमची पंचाईत. म्हणून ‘लांब न्या’ असं मोघम न म्हणता ‘आमच्या मजल्याच्या उंचीत झोत येऊ नये’ असं लिहा.

गच्चीवरच्या माणसांचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो. मर्यादा निश्चितपणे ओलांडली जाते ती पेटीच्या समोर पहिल्या काही मीटरमध्ये. उन्हाळ्यात कुरडया, सांडगे वाळत घालायला बायका चढतात, टाकी धुवायला माणूस येतो, केबलवाला डिश फिरवायला पॅरापेटवर उभा राहतो आणि अँटेनाच्या पुढ्यात अर्धा-पाऊण तास काम करतो. गच्चीला कुलूप, पेट्यांसमोर रेलिंग किंवा पिवळी रेघ आणि मराठीतला इशारा फलक हवा. नुसता इंग्रजी फलक टाकी धुणाऱ्या माणसाच्या काही कामाचा नाही. समोरच्या इमारतीतल्या लोकांना हे सांगितलंत तर ते तुमच्या विरोधात न जाता तुमच्या बाजूने येतील.

आणि आता जे धोके लोक विचारतच नाहीत. गच्चीवर बॅटरी बँक असेल आणि ती शिशाच्या बॅटऱ्यांची असेल, तर एका 48 व्होल्ट, 600 अँपिअर-अवर बँकेचं वजन पाऊण-एक टनाच्या घरात जातं. हे वजन कॉलमवरून बांधलेल्या लोखंडी बीमवर यायला हवं, स्लॅबच्या मधोमध नाही. पोलचे बोल्ट मारताना वॉटरप्रूफिंग फुटतं, आपल्याकडचा पाऊस चार महिने त्यातून मुरतो आणि सळ्या गंजतात. वरच्या मजल्याच्या छताला ओल दिसू लागली तर स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवायची ती वेळ. विजेचं म्हणाल तर एप्रिल-मेच्या वळवाच्या आधी अर्थिंगचा रेझिस्टन्स मोजायला हवा, कारण जमीन कोरडी असते तेव्हाच तो सगळ्यात जास्त असतो. पावसाळ्यात मोजलेला चांगला आकडा फसवा. डाउन कंडक्टरची, म्हणजे आकाशातली वीज जमिनीत नेणारी पट्टी गच्चीपासून जमिनीपर्यंत अखंड आहे का, हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. ती मधेच तुटून भिंतीला टेकलेली असेल तर वीज इमारतीतून वाट काढते आणि शेजारपाजारचे टीव्ही जळतात.

जनरेटरचा आवाज हा रोजचा, खरा त्रास. कॅनोपीपासून (जनरेटरभोवतीच्या आवाज रोखणाऱ्या पेटीपासून) 1 मीटरवर 75 डेसिबल ही मर्यादा, आणि निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 आवाज 45 च्या आत हवा. याची तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि पोलिसांकडे करता येते. पण 2019 आणि 2021 च्या महापुरात पंचगंगेचं पाणी चढलं, वीज गेली, तेव्हा फोन चालू राहिले ते अशाच जनरेटर आणि बॅटऱ्यांच्या जोरावर. म्हणून जनरेटर काढा म्हणण्यापेक्षा कॅनोपी दुरुस्त करा, एक्झॉस्ट आमच्या खिडकीकडून वळवा, नियमित चाचणी दुपारी घ्या, अशी मागणी टिकते.

कुणाकडे जायचं याचं साधं सूत्र आहे: लहरींचा विषय केंद्राचा, इमारतीचा विषय महापालिकेचा. तुमचा अर्ज पडून राहण्याचं कारण बहुधा हेच असेल. उत्सर्जनाची मर्यादा ठरवणं आणि तपासणं हे दूरसंचार विभागाच्या परवाना क्षेत्र कार्यालयाचं काम. त्या कारणावरून स्थानिक प्रशासनाने टॉवर सील करू नये की वीज तोडू नये, असं विभागाने राज्यांना कळवलेलं आहे. शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीने रहिवाशांच्या तक्रारींवरून टॉवर थांबवायचा ठराव केला, तो मुंबई उच्च न्यायालयाने रद्द ठरवला, कारण उत्सर्जन घातक असल्याचा शास्त्रीय पुरावा पुढे आला नाही. नुसत्या भीतीवर आधारलेला अर्ज कोर्टात उभा राहत नाही. मोजणीचा अहवाल राहतो.

महापालिकेच्या नगररचना विभागाकडे मागायचं ते वेगळं. इथे टॉवर कधी बसला यावर बरंच अवलंबून आहे. राइट ऑफ वे, म्हणजे टॉवर आणि तारांसाठी जागा वापरण्याच्या नियमांत 2022 साली झालेल्या दुरुस्तीनंतर खासगी इमारतीवर टॉवर बसवायला स्वतंत्र परवानगीची गरज उरली नाही, पण आधी लेखी कळवणं आणि स्ट्रक्चरल इंजिनीअरचं प्रमाणपत्र देणं बंधनकारक राहिलं. 1 जानेवारी 2025 पासून दूरसंचार कायदा 2023 खालचे नवे राइट ऑफ वे नियम लागू आहेत. त्यामुळे ‘परवानगीच नाही’ यावर सगळी भिस्त ठेवू नका. माहिती अधिकारात तीन कागद मागा: कंपनीने दिलेली सूचना, स्ट्रक्चरल प्रमाणपत्र आणि इमारतीचा मंजूर नकाशा. मंजूर नकाशात नसलेल्या वाढीव मजल्यावर पोल उभा असेल तर महापालिकेला कारवाईचा सरळ अधिकार आहे, आणि हे अनपेक्षितपणे बरेचदा सापडतं. दोन्हीकडून काही हललं नाही तर विभागाच्या सूचनांप्रमाणे तक्रारींसाठी जिल्हा दूरसंचार समितीची सोय आहे. तिथलं निवेदन जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायचं.

तुमच्या इमारतीतही कुणी ‘टॉवर लावा, महिना 50 हजार भाडं, आधी प्रोसेसिंग फी भरा’ म्हणून फोन करेल. कुठलीही कंपनी जागामालकाकडून आगाऊ पैसे घेत नाही आणि ट्राय (दूरसंचार नियामक प्राधिकरण) अशा कामाला ना हरकत दाखला देत नाही. फोन ठेवून द्या.

सह्यांच्या कागदाचं शेवटी. सही करा, पण आधी वरचा मजकूर बदलून घ्या. ‘टॉवर तात्काळ हटवा’ च्या जागी असं लिहा: ‘अमुक इमारतीच्या गच्चीवरील अँटेना आमच्या चौथ्या मजल्याच्या समोर, समान उंचीवर, अंदाजे 22 मीटरवर असून त्या दिशेला इतके अँटेना आहेत. फोटो जोडले आहेत. सर्व कंपन्यांचं एकत्रित, पूर्ण भाराचं उत्सर्जन आमच्या बाल्कनीत व शयनकक्षात मोजून फ्रिक्वेन्सीनिहाय अहवाल द्यावा. अहवाल येईपर्यंत या दिशेच्या अँटेनांचा झुकाव व दिशा बदलून झोत आमच्या मजल्यांच्या उंचीबाहेर ठेवावा. गच्चीवर प्रवेशबंदी, मराठी फलक व स्ट्रक्चरल प्रमाणपत्राची प्रत मिळावी.’ पहिल्या दोन मागण्यांची प्रत दूरसंचार विभागाला आणि कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला, शेवटच्या मागणीची नगररचना विभागाला. दोन्हीकडे आवक क्रमांकासह पोच घ्या आणि फोटोंवर तारीख असू द्या. तुमच्या बाजूच्या पेट्यांचा फोटो इथे टाकलात, इमारतीचं नाव झाकून, तर दिशा आणि साधारण झुकाव बघून त्या पेट्या तक्त्यात कशा मोजायच्या ते मी सांगू शकेन.